हातचा

एकोणीस वर्षं मी फोनच जोडले,
सालोच्या कारखान्यात, बहुतेक रात्रपाळीला,
मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात धरून.
माझ्या खिशातला मात्र
कायम बटणांचा, दोन ओळी दाखवणारा.
कारखाना बंद पडला, त्यालाही सात वर्षं झाली.
बासष्टावं लागल्यावर म्हटलं,
चला, घेऊन टाकू एक स्मार्टफोन.

दुकानात एली होता, माझ्या लाइनवरच्या सिर्काचा मुलगा.
काच पुसत म्हणाला, "औनेमावशी, ह्यात सगळं आहे."
"ह्यात मला लिहिता येईल?"
त्याने मेसेज उघडून दाखवला.
"तसं नव्हे रे.
ह्याने काय करायचं, ते लिहिता येईल?"

एली जरा थांबला.
"त्याला अर्ज करावा लागतो.
दरवर्षी पैसे. मग ते लोक तपासतात."
"माझं माझ्याच फोनवर चालवायचं असेल तरी?"
"तरी."

म्हणजे भाड्याची खोली.
रंग आपल्या पैशांनी द्यायचा
आणि खिळा ठोकायचा तर मालकाला विचारायचं.

त्याला काय माहीत,
सत्त्याऐंशी साली ग्रंथालयाच्या तळघरात
दर गुरुवारी संध्याकाळी मी संगणक शिकायला जायचे.
वीस ओळींचा एक प्रोग्राम लिहिला होता.
तो नाव विचारायचा, आणि अक्षरं उलटी करून
परत म्हणायचा: एनुआ.
त्या रात्री बर्फातून घरी जाताना
मी एनुआ होते.
कुणाला सांगितलं नाही.

एलीने मग मागच्या खोलीतून एक जाड फोन आणला,
कुणीतरी परत केलेला, कोपरा उडालेला.
नखाने झाकण निघत होतं. आत तेच मोहरीएवढे स्क्रू.
बाजूला सारल्यावर खाली बारीक बटणं,
आणि एक काळी खिडकी, तिच्यात लुकलुकणारी रेघ.
काही विकत नव्हती ती. वाट बघत होती.
"कॅमेरा?" "वाईट."
"हमी?" "नाही."
"किती?" "नव्वद युरो, पण मावशी, खरंच सांगतो..."
मी पाकीट काढलं.

तीन संध्याकाळी गेल्या.
पहिली नुसती एक कंस मिटायचा राहिला म्हणून.
हिशेब साधा: तळं गोठल्यापासून
रोज शून्याखाली किती, ते मिळवत जायचं,
वर्गमूळ काढायचं, एका आकड्याने गुणायचं,
की बर्फाची जाडी.
उर्हो, माझा भाऊ, डिसेंबरभर तळ्यावर मासे धरतो
आणि दरवेळी मी खिडकीशी उभी.

रविवारी त्याच्याबरोबर गेले.
फोन म्हणाला, सोळा सेंटिमीटर.
उर्होने गिरमिट फिरवलं, पट्टी आत सोडली.
अकरा.
आमचं दोघांचं वजन पेलायला पुरे,
पण सोळा नव्हे.
"परत दे दुकानात," तो म्हणाला.
"कशाला? त्याने मी सांगितलं तेच केलं."

बादली पालथी घालून बसले.
बुटाने वरचं भुसभुशीत हिम सारत राहिले,
आणि मग दिसलं:
हे पांघरूण.
ह्याच्याखाली थंडी उशिरा पोचते.
एवढी साधी गोष्ट, दर हिवाळ्यात डोळ्यांसमोरची,
आणि हिशेबात धरलीच नव्हती.
बेरजेत हातचा विसरावा, तशी.

हातमोजा दातांनी ओढून काढला.
बॅटरी गारठून निम्म्यावर आली होती,
बोटं तर केव्हाच.
मासा एकही लागला नव्हता.
"उर्हो," मी म्हटलं,
"वरचं हिम मोज बरं."

तो कुरकुरला. वाकला. पट्टी रोवली.
"सात."
मी एक नवी ओळ उघडली
आणि सात लिहिलं.